खोकल्याचा गुन्हा

स्टुडिओच्या कपडेपटात तिला सगळे टाचणीताई म्हणत. डाव्या मनगटाला कापडाची एक छोटी गादी बांधलेली आणि तिच्यात सदा चाळीस-पन्नास टाचण्या खोचलेल्या. शिवाय दोन ओठांत एखादी असायचीच. त्यामुळे तिचं बोलणं कमी आणि नेमकं होतं. जास्त बोलली असती तर टोचली असती.

एकतीस वर्षं तिने दुसऱ्या मजल्यावरच्या त्या बिनखिडकीच्या खोलीत काढली होती. राजापासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या मापाच्या चिठ्ठ्या तिच्या ड्रॉवरात होत्या. कोणाचं पोट दोन महिन्यांत किती सुटलं, हे त्याच्या बायकोच्या आधी तिला कळायचं. पण ती स्वतः कोण, कुठली, कोणत्या देवाला हात जोडते, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने लपवलं होतं असं नाही. कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

तिची माणसं शहरात मूठभर. तीन गल्ल्या, एक प्रार्थनाघर, आणि प्रार्थनाघराच्या मागे दोन खोल्या. त्या दोन खोल्यांत ती, तिचे थोरले भाऊ, वहिनी आणि त्यांची मुलगी अशी चौघं राहत. पुतणी सरकारी इस्पितळात नर्स होती. दादा प्रार्थना चालवायचे. वडील गेले तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. तेव्हापासून लग्न, बारसं, मरण, सगळ्याला उभं राहायचं ते त्यांनीच. त्या समाजाच्या बायका चारचौघींसारख्याच कपडे घालत, म्हणून टाचणीताई कुठेही खपून जायची. पुरुषांचं तसं नव्हतं. घोट्यापर्यंतचा करडा कोट आणि बिनकाठाची टोपी. शंभर माणसांत उठून दिसायचे.

म्हणून त्या दिवशी तिच्या तोंडून निघून गेलं. नवी मालिका सुरू व्हायची होती, थोडी हसवणारी, थोडी रडवणारी. कुटुंब नेमकं तिच्या समाजाचं. वेशभूषाकाराने भाड्याने आणलेला काळाभोर, गळ्यावर नक्षी असलेला कोट हँगरला लावला आणि सगळे वा वा म्हणाले. टाचणीताई खाली बसून दुसऱ्या कुणाची तरी शिवण उसवत होती. मान वर न करता म्हणाली, "बटणं डावीकडे लागतात. आणि गळ्यावर नक्षी कुणीच घालत नाही."

खोलीत कोपऱ्यात मालिकेचा लेखक बसला होता. सडपातळ, चष्मेवाला, तिशी-पस्तिशीचा. त्याने विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?"

कुठेतरी वाचलंय असं सांगता आलं असतं. तिने ओठांतली टाचणी काढली. "माझे दादा घालतात."

दुसऱ्या दिवशी लेखक दोन कप चहा घेऊन कपडेपटात आला आणि तिच्या समोरच्या खोक्यावर बसला. माणूस मनाचा चांगला होता, हे आधीच सांगून टाकायला हवं. या गोष्टीत वाईट मनाचे लोक शोधायला गेलं तर पाच-सहाच सापडतील, आणि त्यांनीही नंतर माफी मागितली.

"ताई," तो म्हणाला, "तुमच्या समाजाची माणसं पडद्यावर आजवर कशी आली?"

टाचणीताईने हसून सांगितलं. तिने एकतीस वर्षांत त्यांच्यासाठी दोनच प्रकारचे कोट शिवले होते. एकाला आतून खंजीर मावेल एवढा खिसा. दुसऱ्याला छातीपाशी लाल रंगाची पिशवी, कारण तो भला म्हातारा नायकाला वाचवताना गोळी खाऊन मरायचा. "खंजीरवाला आणि गोळीवाला. तिसरं माप कुणी मागितलंच नाही."

"मला तिसरंच हवंय," लेखक म्हणाला. "चुकणारी माणसं. भांडणारी, खोटं बोलणारी, तरी देवाला धरून असलेली. आपल्या सगळ्यांसारखी."

हे तिला इतकं आवडलं की ती बोलत गेली. रोज दुपारी चहा आणि रोज एक गोष्ट. आणि एका दुपारी तिने ती गोष्ट सांगितली.

वर्षातून अकरा दिवस त्यांच्यात कडक उपास असे. दिवस मावळेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. दादांना भूक सोसायची नाही. हात थरथरायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची. पण प्रार्थना चालवणाराच जेवला तर लोकांनी काय करायचं? मग एकोणीस वर्षांची टाचणीताई रोज तीन वाजता चादरींच्या खाली दोन टोस्ट आणि गार चहाची बाटली दडवून प्रार्थनाघराच्या अडगळीच्या खोलीत ठेवायची. दादा आत खायचे. ती दाराशी उभी राहून पहारा करायची आणि कुणी येताना दिसलं की खोकायची. एकदा सलग सात जण आले, तर शेजारणीने तिला क्षयाचं औषध आणून दिलं. संध्याकाळी दादा बाहेर येऊन भुकेवर असं बोलायचे की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. भुकेवर त्यांच्यासारखं कुणी बोलूच शकलं नसतं, कारण भूक त्यांनाच खरोखर कळलेली होती.

हे सांगताना ती पोट धरून हसली. तिच्या लेखी ती भावाबहिणीच्या मायेची गोष्ट होती. लेखकही हसला, मग त्याने विचारलं, "हे घेऊ का?"

"नाव नका घालू," ती म्हणाली. बस्स, एवढंच म्हणाली.

म्हाताऱ्याचं काम करणारा नट मोठा नावाजलेला विनोदी नट होता. सगळे त्याला काका म्हणत. गोल चेहरा, स्वतःचे केस काळे, म्हणून पांढरा टोप आणि चिकटवलेली दाढी. पण कष्टाळू. बसायचं कसं, टोपी काढायची तर कुठल्या हाताने, कोट सावरत पायरी कशी चढायची, हे सगळं तो टाचणीताईकडून शिकला. करडा कोट तिने दादांच्या जुन्या कोटावरून कापला होता, बटणं डावीकडे. पंधरा दिवसांनी काका पाठमोरा चालत गेला तेव्हा तिच्या हातातली इस्त्री तशीच राहिली आणि एका शर्टाची कॉलर करपली. दादाच चालले होते.

मालिका सुरू झाली आणि पहिले दोन महिने तीन गल्ल्यांत आनंदीआनंद होता. ज्यांच्या घरी टीव्ही मोठा त्यांच्याकडे शेजारी जमायचे. आपला कोट, आपली टोपी, आपली भांडणंसुद्धा आपल्यासारखी. वहिनी म्हणाली, "अगदी आपल्याच घरात कॅमेरा लावल्यासारखं वाटतं बाई." टाचणीताईने मान खाली घातली. पुतणीने मात्र तिच्याकडे रोखून पाहिलं आणि गालातल्या गालात हसली.

मग उपासाचा भाग लागला. पडद्यावर म्हातारा अडगळीत बसून टोस्ट चहात बुडवत होता आणि त्याची बहीण दाराशी खोकत होती. काकाने कमाल केली होती. टोस्ट चहात तुटून पडतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे दुःख आलं, ते पाहून अख्खं शहर हसून लोळलं. दादांच्या खोलीत आठ-दहा माणसं होती. दोन-तीन जण हसले आणि दादांकडे बघून थांबले. दादा उठले, पाणी प्यायले आणि पुन्हा येऊन बसले. कार्यक्रम संपेपर्यंत बसले.

आठवड्याभरात खोकला शहरात पसरला.

सुरुवातीला तो गमतीचा होता. करडा कोट दिसला की किराणावाला गल्ल्यावरून खोकायचा आणि डोळा मारायचा. बसमध्ये कुणी खोकलं की सगळी बस हसायची. कोटातली म्हातारी माणसंही हसायची; न हसून करतात काय. पण काट्याचा नायटा व्हायला वेळ लागत नाही. हळूहळू खोकणारे हसायचे थांबले. नुसतं खोकायचे. तुम्ही चालताय, मागून एक खोकला. वळलात तर तिघं उभे, आकाशाकडे बघत. नर्स असलेल्या पुतणीने एका रुग्णाच्या हाताला सुई लावताना स्वतःचं आडनाव सांगितलं, तर त्याने हात मागे घेतला आणि खोकला. इस्पितळातला खोकला म्हणून आधी तिला कळलंच नाही.

उपासाचे अकरा दिवस लागले तेव्हा प्रार्थनेच्या वेळी बाहेर पंधरा-वीस जण उभे राहायला लागले. आत ओळ म्हटली की बाहेरून खोकला. ओळ, खोकला. ओळ, खोकला. चौथ्या दिवशी अंगणात टोस्टचे तुकडे पडले. सहाव्या दिवशी एक पोतं, बुरशी आलेल्या टोस्टांचं. आठव्या दिवशी टोस्टच्या पुड्यात गुंडाळलेला दगड आला आणि वरच्या खिडकीची काच गेली.

प्रार्थनाघराचे विश्वस्त चौकीवर जाऊन आले. अंमलदाराने सगळं ऐकून घेतलं आणि वही मिटली. "काचेचं लिहून घेतो. पण खोकल्याचा गुन्हा कुठल्या कलमात बसवू? माणसाने खोकायचंही नाही का?" असं म्हणून तो स्वतःच जरा खोकला. मुद्दाम की खरंच, ते विश्वस्तांना परत येईपर्यंत ठरवता आलं नाही.

त्या दुपारी प्रार्थनाघरात सगळे जमले. विश्वस्त तापट माणूस, पण समाजासाठी जीव टाकणारा. त्यांनी एकच विचारलं, "हे बाहेरच्याला सुचणारं नाही. अडगळीची खोली, चादरी, कोटाची बटणं. आपल्यातलाच कुणीतरी घरभेदी आहे. कोण?"

टाचणीताई मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसली होती. मनगटावर गादी नव्हती तरी तिथे टोचतंय असं तिला वाटत होतं. स्टुडिओत ती नोकरी करते हे सगळ्यांना माहीत होतं. चार-पाच माना तिच्याकडे वळल्या.

तेवढ्यात पुतणी उभी राहिली. "मालिका बंद करा म्हणून अर्ज देणार असाल तर मी सही करणार नाही. मला तो म्हातारा आवडतो. लहानपणापासून पडद्यावर आपला माणूस दिसला की मला भीती वाटायची, आता हा कुणाला तरी मारणार किंवा मरणार. हा पहिलाच, जो फक्त भुकेला आहे."

"तुला आवडून काय उपयोग?" विश्वस्त म्हणाले. "त्यांच्यातला एक चोरून जेवला तर तो एकटा चोरून जेवतो. आपल्यातला जेवला तर तीन गल्ल्या जेवतात. शितावरून भाताची परीक्षा करायला त्यांना नेमकं आपलंच पातेलं सापडतं."

दोघांचंही खरं होतं, आणि तीच अडचण होती. दादा पुढे बसले होते. ते म्हणाले, "आज इतकं पुरे. मावळायला आलंय." आणि सभा उठली. टाचणीताईला कुणी काही विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून गल्लीत तिच्याशी बोलताना बायका आधी मागे वळून बघायच्या.

ती लेखकाकडे गेली. नेहमीचं हसू तिच्या चेहऱ्यावर नव्हतं म्हणून त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं.

"तो खोकला काढून टाका," ती म्हणाली.

"ताई, वाहिनीवाले म्हणतात दर भागात एकदा तरी हवा. लोकांना आवडतंय. खरं सांगू? लोक पहिल्यांदाच तुमच्या माणसांवर प्रेम करायला लागलेत."

"प्रेमाचा आवाज मी ओळखते हो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी येतो तो वेगळा आहे."

"कसला वेगळा?" लेखकाने विचारलं. टोस्टपासून दगडापर्यंत सगळं तिने सांगितलं. त्याने चष्मा काढून बराच वेळ डोळे चोळले. म्हणाला, "मी बघतो." त्याने खरोखर बघितलंही, पुढच्या दोन भागांत खोकला नव्हता. वाहिनीकडे प्रेक्षकांच्या तक्रारी आल्या आणि तिसऱ्या भागात तो परत आला.

उपास संपून महिना झाला असेल. चित्रीकरण बाहेर होतं, एका रुंद रस्त्यावर, बसथांब्याच्या कडेला. दुपारचे चार. दिव्याची वायर जळाली म्हणून अर्धा तास सुट्टी मिळाली. काकाला कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून गोळ्या घ्यायच्या होत्या.

कपडेपटाचा एक नियम असतो: पात्राचे कपडे चित्रीकरणाच्या जागेबाहेर जात नाहीत. टाचणीताईने एकतीस वर्षांत राजालासुद्धा मुकुट घालून चहाच्या टपरीवर जाऊ दिलं नव्हतं. ती म्हणाली, "काका, कोट काढून जा."

"दोन मिनिटांत येतो. टोप आणि दाढी काढायची, परत चिकटवायची, कशाला? आणि बघू तरी, या कोटात रस्त्यावर कसं वाटतं ते. तुम्हीच म्हणता ना, माणूस आतून यायला हवा."

तिने जाऊ दिलं. नंतर लोकांनी तिला सांगितलं की तुझी काय चूक. पण ती शेवटपर्यंत हेच म्हणायची: मी हात आडवा घातला असता तर तो थांबला असता.

कोपऱ्यावर पाच-सहा जण उभे होते. करडा कोट जवळ आला तसा एक खोकला. काकाला वाटलं, आपल्याला ओळखलं. नटाला तेवढंच तर हवं असतं. तो थांबला, हसला आणि मालिकेतल्यासारखं मान वाकडी करून उलट खोकला.

टाचणीताई गाडीच्या दारात कोटाचा ब्रश घेऊन उभी होती. तिला आधी वाटलं, ते त्याच्या पाया पडायला वाकताहेत. मग काका दिसेनासा झाला. ती धावली. चपला वाटेत सुटल्या. गर्दीच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाला तिने ओढलं तर तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही मधे पडू नका ताई. यांचं फार वाढलंय." आतून काका काहीतरी ओरडत होता, पण शब्द कळत नव्हते.

मग टोप निघाला. पांढरा टोप रस्त्यावर पडला, दाढी एका बाजूने लोंबली आणि खालून काळे केस दिसले. हात थांबले.

"अरे, हा तर तो आहे. टीव्हीतला."

पुढे जे झालं ते तिच्या डोळ्यांपुढून कधी गेलं नाही. ज्यांनी मारलं त्यांनीच त्याला अलगद उचललं. एकाने आपल्या रुमालाने त्याचं तोंड पुसलं. एक गाडी आणायला धावला. एक तर रडायला लागला. "माफ करा काका. चूक झाली. आम्हाला वाटलं खरोखरचा."

आणि मग तोच तिच्याकडे वळून म्हणाला, "ताई, बघता काय, पाणी आणा ना."

तिने पाणी आणलं.

काकाच्या तीन फासळ्या मोडल्या आणि डाव्या कानाने ऐकू येणं कायमचं गेलं. शहर हळहळलं. इस्पितळाच्या दारात फुलांचा ढीग लागला. ते पाच-सहा जण स्वतःहून चौकीवर हजर झाले, कॅमेऱ्यासमोर हात जोडून म्हणाले की ओळखण्यात चूक झाली. सगळ्यांना त्यांचा पश्चात्ताप पटला. जो तो म्हणत होता, एवढ्या गुणी नटाला असं व्हायला नको होतं. तीन गल्ल्यांत लोक टीव्हीसमोर बसून हे ऐकत होते आणि एकमेकांकडे बघत नव्हते. मार ज्यांच्यासाठी होता त्यांची माफी कुणी मागितली नाही, आणि मागा असं म्हणायला कुणी उठलंही नाही. वहिनीने दादांचा कोट धुवून ट्रंकेत ठेवला. दादांनी तो काढून पुन्हा घातला.

पुतणीची पाळी काकाच्याच वॉर्डात होती. तिसऱ्या दिवशी तिने आत्याला आत नेलं. काकाने टाचणीताईला उजव्या बाजूला बसायला सांगितलं, ऐकू येणाऱ्या कानाकडे.

"मी ओरडत होतो ते तुम्ही ऐकलं का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मी म्हणत होतो, मी त्यांच्यातला नाही. मला सोडा, मी त्यांच्यातला नाही." तो छताकडे बघत राहिला. "सहा महिने तुम्ही मला शिकवत होता. आणि मी हे ओरडलो."

"मार खाताना माणूस काहीही ओरडतो, काका."

"हो. पण मला ओरडायला हे तरी होतं. खरोखरच्याला तेही नसतं."

पुतणी सलाइनची नळी तपासत उभी होती. तिने दोघांचंही ऐकलं आणि बाहेर निघून गेली.

घरी आल्यावर टाचणीताईने दादांना सांगितलं. ते दारात खुर्ची टाकून वाचत बसले होते. ती खाली बसली आणि म्हणाली, "दादा, ते मी सांगितलं होतं. टोस्टचं."

दादांनी बोट ठेवून पुस्तक मिटलं. "मला त्याच दिवशी कळलं. फक्त एक चुकलं तुझ्या लेखकाचं. तो बसून खात होता. मी उभ्यानं खायचो. बसून खाल्लं तर उपास मोडला असं वाटायचं."

ती हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. दादा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तू घरभेदी नाहीस. तू दाराशी उभी होतीस म्हणून मी जगलो. पण आता लोक तुझ्याकडे बघतात ते मला बघवत नाही."

पुढच्या प्रार्थनेच्या दिवशी शेवटची ओळ झाल्यावर दादा चौथऱ्यावरून खाली उतरले नाहीत. तिथेच उभं राहून त्यांनी सांगितलं, "तो म्हातारा मी आहे. बारा वर्षं मी उपासात चोरून जेवलो आणि संध्याकाळी तुम्हाला भूक शिकवली. माझ्या बहिणीने फक्त पहारा दिला. कुणाला दोष द्यायचा असेल तर मला द्या."

मग एक म्हातारी उठली, दादांच्या हाताला हात लावून गेली. तिच्यामागून आणखी काही जण. बाकीचे तसेच निघून गेले. विश्वस्त दोन दिवसांनी घरी आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "माझ्या मनात तुमच्याबद्दल काही नाही. पण बाहेर ते उभे असताना आत हे चालवून घेता येत नाही. खोल्या महिन्याभरात रिकाम्या करून द्या." जाताना त्यांचे डोळे ओले होते. टाचणीताईला राग कुणावर धरावा हे समजेना, आणि जिथे राग धरायला माणूस सापडत नाही तिथे तो घरातच राहायला येतो.

शहराच्या दुसऱ्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर त्यांना जागा मिळाली. तिथे त्यांच्या समाजाचं कुणी नव्हतं. टाचणीताईची नोकरी सुटली नाही. काकाला बघायला इस्पितळात गेलेल्या लेखकाने दादांच्या कबुलीबद्दल पुतणीकडून ऐकलं आणि तो घाईघाईने कपडेपटात आला. "ताई, हे लिहायला हवं. याने सगळं बदलेल."

तिने ओठांतली टाचणी काढली नाही. नुसती नकाराची मान हलवली. तो आल्या पावली परत गेला. त्यानंतर तो भ्यायला, की शहाणा झाला, देव जाणे. पण काका परत कामावर आला तेव्हा मालिकेतला म्हातारा पार बदलून गेला होता. खोटं बोलेना, भांडेना, चोरून काही खाईना. येताजाता सगळ्यांना आशीर्वाद द्यायला लागला. असा म्हातारा कुणाला बघवेना. चार महिन्यांत मालिका गुंडाळली. कोट गोदामात गेला.

नव्या घरी दादा रोज पाच वाजता बागेपर्यंत फिरायला जात, त्याच करड्या कोटात. टाचणीताईने त्यांना दोन साधे सदरे शिवून दिले होते. ते त्यांनी घडी करून कपाटात ठेवले. वहिनी रोज गॅलरीत उभी राहायची, ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत आणि परत दिसेपर्यंत.

एका संध्याकाळी ते पाऊण तास उशिरा आले. बाहेरून काही लागलेलं नव्हतं. हातपाय धुतले, पानावर बसले. वहिनीने दोनदा विचारल्यावर म्हणाले, "बाकावर एक जण शेजारी येऊन बसला. तरुण होता. कोटाकडे बघत राहिला. मागे त्याचे दोघं-तिघं उभे होते. मग म्हणाला, तुम्ही खरोखरचे, की मालिकेतले?"

टाचणीताईने ताट खाली ठेवलं. "मग?"

"मी म्हटलं, मालिकेतला." दादांनी घास मोडला, पण तोंडात घातला नाही. "हात मिळवला त्याने. काम छान करता म्हणाला. तोंड ओळखता येत नव्हतं त्याला, पण फोटो काढून घेतला."

पुतणी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली. वहिनी म्हणाली, "उद्यापासून जाऊ नका."

"उद्या जायलाच हवं," दादा म्हणाले. "उद्या त्याने परत विचारलं तर बरं होईल."

दुसऱ्या दिवशी टाचणीताईने रजा टाकली. पाच वाजता दादा कोटाची बटणं लावून निघाले. तीही निघाली, त्यांच्या चार पावलं मागे, पिशवी हातात धरून. वळणावर पोचेपर्यंत तिने सहा माणसं मोजली, जी कोटाकडे बघत होती. बागेच्या फाटकाशी ऊन होतं आणि बाकावर आधीच कुणीतरी बसलेलं होतं. पाठमोरं होतं, म्हणून कोण ते कळत नव्हतं. दादा थांबले नाहीत. तिने पावलं उचलली आणि त्यांच्या बरोबरीने चालायला लागली.